एक वीत, एक फोटो

कयलने टेबलाच्या कडेवर हात पसरून एक वीत ठेवली, मान वर करून छान हसली आणि हात उचलून बाजूला झाली.

"झालं?" तिच्या आईने विचारलं.

"झालं," कयल म्हणाली.

आई माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीकडे. आमच्या कोऑर्डिनेटर विद्या मॅडम टॅब घेऊन मागेच उभ्या होत्या, त्या कयलकडे बघत होत्या. तिला सांगितलेलं काम अगदी साधं होतं: हे टेबल किती वीत लांब आहे ते अम्माला मोजून दाखव. दुसरीतल्या पोरीने एक वीत ठेवली आणि तिच्यापुरतं टेबल संपलं.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याची नोकरी अंबत्तूरच्या एका कारखान्यात, म्हणून चेन्नईत आले आणि गेली अकरा वर्षं नुंगंबाक्कमच्या एका खासगी शाळेत दुसरीला शिकवते. माझं तमिळ वर्गापुरतं आणि भाजीवाल्यापुरतं आहे. बाकी शाळा इंग्रजीत चालते, निदान शाळेची तशी समजूत आहे.

तो दिवस स्टुडंट-लेड कॉन्फरन्सचा होता. पूर्वी याला पालकसभा म्हणायचे. शिक्षक बोलायचे, पालक माना डोलवायचे आणि मूल घरी जाऊन मार खायचं. आता टर्म संपली की मूलच आईवडलांना टेबलाशी आणून आपण काय शिकलो ते करून दाखवतं. शिक्षकाने मागे उभं राहायचं आणि गप्प बसायचं. कल्पना चांगली आहे, मी मनापासून म्हणते. धोका एवढाच, की मूल खरोखर काय शिकलं ते त्यात दिसतं.

आता त्या वितीची गोष्ट. पहिल्या टर्मला आम्हाला मोजमाप असतं. पट्टी नाही, टेप नाही. वीत, हात, पाऊल यांनी लांबी मोजायची. 'मूल वीत वापरून वस्तूची लांबी मोजते,' असं वाक्य प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं. त्याला लर्निंग आउटकम म्हणतात. प्रत्येक आउटकमला एव्हिडन्स लागतो, म्हणजे प्रत्येक मुलाचा ते काम करतानाचा फोटो. फोटो टॅबमधल्या ट्रॅकरवर चढवला की मुलाच्या नावापुढचा चौकोन हिरवा होतो. माझ्या वर्गात अडतीस मुलं. एका टर्मला बावीस आउटकम. गुणाकार तुम्हीच करा, मला आता तो आकडा बघवत नाही.

मोजमापाला मी तीन तास ठेवले होते. पहिला पंधरा ऑगस्टच्या कवायतीत गेला. दुसरा फायर ड्रिलमध्ये. उरला एक, आणि त्याच तासाला आमच्या वाट्याचा टॅब आला. तीन वर्गांत मिळून एक टॅब, प्रत्येकाला वीस मिनिटं. बाहेर पुढच्या वर्गाची टीचर दारात उभी. मी काय केलं ते सांगते. मुलांना रांगेत उभं केलं. टेबलावर हात पसरून ठेव, इकडे बघ, स्माइल, नेक्स्ट. हात पसरून ठेव, इकडे बघ, स्माइल, नेक्स्ट. अठरा मिनिटांत अडतीस पोरं उरकली आणि टेबल कुणीच मोजलं नाही. स्टाफरूममध्ये मी ही बढाई स्वतःहून मारली. विद्या मॅडम "व्हेरी एफिशियंट" म्हणाल्या आणि मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण त्या दिवशी तरी वाटली नाही.

तर कॉन्फरन्सच्या दिवशी विद्या मॅडमनी टॅबवर बोट फिरवून कयलचं नाव काढलं. चौकोन हिरवागार. फोटोत वीत टेबलावर, चेहऱ्यावर हसू. आणि समोर तीच पोर, तसाच हात, तसंच हसू, मोजणं काही येत नाही. आता यातून दोनच अर्थ निघत होते. एक तर ट्रॅकर खोटा, नाही तर मुलगी मंद. ट्रॅकर खोटा असणं शक्यच नव्हतं, त्याच्या ट्रेनिंगसाठी आम्ही दोन शनिवार घातले होते.

"रेमेडियलचा फॉर्म भरा," त्या मला हळूच इंग्रजीत म्हणाल्या. "आजच."

रेमेडियल म्हणजे मागे पडलेल्या मुलांना जादा शिकवणं. पुस्तकात तसं लिहिलंय. आमच्याकडे ती स्टोअररूमशेजारची खोली आहे. तिथे गेलेल्या मुलाच्या पालकांना मार्चमध्ये बोलावतात, कॉफी देतात आणि गोड आवाजात सांगतात, की तुमचं मूल दुसऱ्या शाळेत जास्त आनंदी राहील. कयल गरीब मुलांसाठी कायद्याने राखून ठेवलेल्या जागेवर आलेली. तिला सरळ काढता येत नाही. पण फाइलमध्ये कागद जमवता येतात, आणि पहिला कागद नेहमी क्लास टीचरच्या सहीचा असतो. अकरा वर्षांत मी अशा चार सह्या केल्या आहेत. त्या चारही मुलांची नावं मला आठवतात.

कयलची आई, मुत्तुलक्ष्मी, शाळेमागच्या पिळ्ळैयार कोविलाबाहेर, म्हणजे गणपतीच्या देवळाबाहेर, फुलं विकते. इथे गजरा मापून मिळतो. माप म्हणजे मुळम, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, आपला 'हात'. त्या बाईला आमचं इंग्रजी कळलं नव्हतं, पण फॉर्म हा शब्द कळला. गरिबाला तो सगळ्या भाषांत कळतो.

"एन्न डी इदु?" ती लेकीवर खेकसली. हे काय गं? "रोज संध्याकाळी गिऱ्हाइकाला फुलं मोजून देतेस ना? मग इथे काय झालं?"

कयल गोंधळून आईकडे बघत राहिली. "अम्मा, ते कोविलाबाहेर," ती म्हणाली. "शाळेत तसं नसतं. शाळेत एकदाच ठेवायचं आणि हसायचं. मिस्‌ने शिकवलंय."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. पोरगी शंभर टक्के खरं बोलत होती. माझ्या वर्गातली सगळ्यांत ऐकणारी मुलगी, शिकवलं ते तंतोतंत करून दाखवत होती, आणि मी तिलाच खोलीत टाकायच्या कागदावर सही करणार होते. खरं तर गप्प बसायला हवं होतं. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? पण माझं डोकं फिरलं की माझं मलाच आवरत नाही.

मुत्तुलक्ष्मीने मला द्यायला केळीच्या पानात मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, सर आणला होता. तो मी सोडला आणि कयलच्या हातात दिला.

"कयल, कोविलाबाहेर मोजतेस तसं हे टेबल मोज बघू."

तिने आधी विद्या मॅडमकडे बघितलं, मग टॅबकडे, मग सर टेबलाच्या कडेने लांबवला. कोपर टेकवलं, बोटाच्या टोकाशी चिमूट धरली, कोपर पुढे सरकवलं. सराईत हात होता. "चार मुळम," ती म्हणाली. "आणि वर दोन फुलं." मग माझ्याकडे बघून तिने आपणहून खुलासा केला, "मिस्, पण अम्माने मोजलं तर तीनपण नाही व्हायचे. माझा हात लहान आहे ना. म्हणून मी मोजलं की गिऱ्हाइकं भांडतात. मग अम्मा वरून थोडी फुलं देते."

हात लहान-मोठे असतात, म्हणून सगळ्यांसाठी एकच पट्टी लागते, हे आम्ही मुलांना शिकवतो. त्यासाठी प्लॅनमध्ये चार तास आणि एक रंगीत तक्ता आहे.

"गुड," विद्या मॅडम म्हणाल्या. "पण हे आउटकम पुढच्या टर्मचं आहे."

"म्हणजे ती पुढे आहे, मॅडम."

"या टर्मचं तिला आलं नाही. फॉर्म भरावा लागेल."

"ठीक आहे," मी म्हणाले. "मग आदित्यलाही विचारू या."

आदित्य हा वर्गातला पहिला नंबर. आई-वडील दोघंही आयटीत. वडील शेजारच्याच टेबलाशी मोबाइल घेऊन तयार उभे होते. मी म्हटलं, "आदित्य, हे टेबल किती वीत आहे, अप्पांना दाखव."

आदित्यने एक वीत ठेवली, मोबाइलकडे बघून हसला आणि बाजूला झाला.

"सूपर डा, कण्णा!" वडील ओरडले आणि टाळ्या वाजवायला लागले. व्हिडिओ लगेच आजीला गेला.

"व्हेरी कॉन्फिडंट चाइल्ड," विद्या मॅडम म्हणाल्या. सवयीने म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"दोन फॉर्म द्या, मॅडम," मी म्हणाले. "नाहीतर अडतीसच द्या. सगळ्यांना मीच शिकवलंय."

त्यांनी टॅब बंद केला. मुत्तुलक्ष्मी हातातली पिशवी घट्ट धरून आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघत उभी होती. तिला म्हटलं, "परवाइल्लै, काळजी नको. काही फॉर्म नाही. कयल हुशार आहे." तेव्हा कुठे तिने खुर्चीवर बूड टेकलं. मग तो सर तिने कयलच्या हातातून घेतला आणि माझ्या केसांत स्वतः माळला, जरा जोरातच.

दुपारी विद्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. कयलचा फॉर्म भरायचा नाही असं ठरलं. अडतीस फॉर्म भरले असते तर मॅनेजमेंटने आधी त्यांनाच विचारलं असतं. मेमो मला मिळाला: 'अ‍ॅक्टिव्हिटी न घेता एव्हिडन्स अपलोड केला.' शब्द न् शब्द खरा होता. सही केली. अकरा वर्षांत बिनदिक्कत केलेली ती पहिली सही.

नवरात्राच्या सुट्टीनंतर ट्रॅकरमध्ये एक नवा रकाना आला: 'अ‍ॅक्टिव्हिटी प्रत्यक्षात घेतली का?' सगळ्या टीचर्सनी त्यात 'होय' भरलं. तेही पंधरा मिनिटांत झालं म्हणे.

मी मोजमाप पुन्हा घेतलं, चांगले चार तास. मुलांनी टेबल मोजलं, फळा मोजला, व्हरांडा मोजला, शेवटी मला मोजलं. कुणाचंच उत्तर कुणाशी जुळेना आणि वर्गात कडाक्याची भांडणं झाली. ती सोडवायला कयल. टॅब कपाटात होता. त्यामुळे ट्रॅकरप्रमाणे माझा वर्ग आजही चार तास मागे आहे.

कयल तिसरीत गेली, त्याच शाळेत. आता नव्या टीचर्स आल्या की मी त्यांना एवढंच सांगते: फोटो काढायचे तर खुशाल काढा, पण मुलांच्या देखत काढू नका. ती शिकतात.