चढणीच्या माशांची वाट

आमचं शेत नदीने खाल्लं, असं गावात सगळे म्हणत. मला ते कधी पटलं नाही. नदी आपल्या जागी वाहत होती. तिला वर यायचं आवतण आमच्या घरातून गेलं होतं, आणि ते माझ्या बाने धाडलं होतं.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. जिल्ह्याला तेव्हा चांदाच म्हणत. वैनगंगेच्या उंच काठावर आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, होत्या आणि काठाकडच्या शेवटच्या बांधीच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, एक मोहाचं झाड होतं. त्या झाडाखाली माझी धाकटी बहीण पुरलेली होती. नुकती बोलायला लागली होती, तापाने गेली. आमच्यात लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. वर दगड ठेवतात, काटेरी फांद्या टाकतात आणि ती जागा पुन्हा उकरत नाहीत. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला अख्खं गाव रानात जाई. माय या झाडाची फुलं निराळ्या टोपलीत वेची आणि टोपली भरली की त्या दगडावरच ओती. बा म्हणायचा, "गाई खातेत ते." माय म्हणायची, "खाऊ द्या."

आमच्याकडे पावसाळ्यात नदीचे मासे ओढ्यानाल्यांतून उलटे पोहत धानाच्या बांध्यांत चढतात. चढणीचे मासे खाल्ले नाहीत असं घर सापडायचं नाही. पण आमचा काठ उंच, मासा चढणार कुठून? शेजाऱ्याच्या बांधीत मासे आणि आपल्या बांधीत बेडूक, हे काही बाला सोसवेना. एका उन्हाळ्यात त्याने धुरा फोडला आणि थेट नदीपर्यंत हातभर रुंद, तिरपी चारी खणली.

"मासे काई असेच येत नाईत," तो मायला म्हणाला. "त्यायले वाट दाखवा लागते. वाट दाखोली का चढून येतेत."

आणि आले. चारीच्या तोंडाशी लावलेला बांबूचा सापळा रोज भरून निघाला. आम्ही खाल्ले, शेजारी वाटले. बहीण गेल्यापासून मायला पोटभर जेवताना मी तेव्हाच पाहिलं. बा तिच्याकडे बघून खूश होता. त्याला वाईट म्हणायला जीभ वळत नाही ती यामुळेच.

पुढच्या पावसाळ्यात चारीची माणूसभर खोल घळ झाली. आमची माती पिवळी, वरून उन्हाने विटेसारखी कडक आणि आत नुसतं पीठ. पाणी आतलं पीठ नेई, वरची कडा वळचणीसारखी लोंबत राही, मग एक दिवस तीही खाली बसे. पाणी खाली जायचं आणि घळ मात्र वर यायची, शेताकडे. हे उलटं गणित मला लहानपणी उमगत नसे. पुराचंही तसंच. चढताना तो काही नेत नसे. घळीत शिरून गरिबासारखा उभा राही, भिंती भिजवी, आणि उतरताना त्या ओल्या भिंती ओढून घेऊन जाई.

उन्हाळ्यात आम्ही पोरं त्या घळीत खेळायचो. तिथे डोक्यावर एकेक खडा धरून मातीचे खांब उभे असत. खड्याखालची माती तेवढी वाचलेली, भोवतालची सगळी गेलेली. आम्हाला ती मोठी मौज वाटे. मायने आम्हाला तिथे खेळताना पाहिलं की ती घरी निघून जाई.

बाने धुरा बांधून काढला. दगड आणि पळसाच्या फांद्या टाकून घळीचं तोंड बुजवलं. पाण्याने बाजूने वाट काढली आणि एका घळीच्या दोन झाल्या. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घ्यावा आणि त्याच धोंड्याने जखम झाकायला जावं, तशातली गत.

घळ झाडापासून बैलाच्या दाव्याइतकी लांब उरली, तेव्हा माय म्हणाली, "पोरीले तिथून काढा. घरामागच्या वाडीत ठेवू."

बा गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायला गेला. ते म्हणाले, "भाऊ, पुरलेलं उकरत नाईत. बाकीच्या लेकरायवर येते." बाने घरी येऊन तसंच सांगितलं. बाकीची लेकरं म्हणजे मी एकटी. मायने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा मला अजून राग येतो. मी जिवंत राहिले हीच तिची अडचण झाली, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

उन्हाळा सरत आला तसा एका सकाळी बाने कुणाला न सांगता फावडं घेतलं. माय नवं फडकं घेऊन मागे निघाली, तिच्या मागे मी. त्याने काटे बाजूला केले, दगड उचलला, फावडं हातात घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"उद्या करतो," तो म्हणाला. "आज हात चालून नाई राह्यला."

त्याने दगड पुन्हा जागेवर ठेवला. मायने फडक्याची घडी केली. उद्या, उद्या करता करता मृग लागला.

पूर आला, घळीत शिरून उभा राहिला, आणि उतरायला लागल्यावर भर दुपारी झाड गेलं. कोसळलं नाही. उभ्याउभ्याच हळूहळू खाली सरकलं, पानं हिरवीगार असताना. मागोमाग दगड गेला आणि त्याच्याखालची माती गेली. माय धावली, बाने तिला कमरेला धरून ठेवलं. एवढं जड अंग तिचं कधी झालं नव्हतं, असं बा पुढे कितीतरी वर्षांनी म्हणाला.

पुढच्या पावसात घळ पार बांधीच्या मध्यापर्यंत आली होती. मासे आता तिथवर चढत होते, पूर्वी कधी नव्हते इतके. गावातले लोक सापळे घेऊन आमच्या शेतात उतरले. बा रिकाम्या हाताने कडेला उभा होता. माय घरातून आली, त्याच्याजवळ उभी राहिली आणि पाण्याविरुद्ध उड्या घेणारे मासे बराच वेळ पाहत राहिली.

"वाट दाखोली का चढून येतेत, म्हणत होते ना तुमी," ती म्हणाली. "मंग पोरगी काऊन येऊन नाई राह्यली?"

खाली मासे चढत होते.