पायरीवरचं डांगर

मंगलताई गेल्याचा फोन त्यांच्या थोरल्या दिरांनी केला. "मंगल गेली पहाटे. झोपेतच. कळवतोय, नंतर म्हणाल सांगितलं नाय." एवढं बोलून अण्णांनी फोन ठेवला. मी हातात लाटणं धरून तशीच उभी राहिले... इतक्या वर्षांची शेजारीण गेली म्हटल्यावर आधी रडू यायला हवं होतं. मला आधी त्या आवाजाची किळस आली. आता महिना होत आला. रडू नंतर आलं, अजूनही मधूनच येतं, पण किळस काही जात नाही. त्यामुळे हे लिहिणं गोडगोड होणार नाही. मंगलताईंना ते आवडलं नसतं, कारण कुणाबद्दल वाकडं बोलणं त्यांना जमतच नसे.

मखमलाबाद रोडला आमची घरं शेजारी शेजारी. त्यांच्या बंगल्यात खाली मंगलताई आणि वर अण्णांचं बिऱ्हाड. मंगलताईंची बहीण कळवणला दिलेली, तिच्या शेतातली डांगरं, म्हणजे लाल भोपळे, एसटीने यायची आणि त्यांच्या ओट्याखाली रांगेत बसायची. मला लहानपणापासून डांगर आवडत नाही. शिजल्यावरचा तो गिळगिळीतपणा आणि भाजीत उगाच आलेला गोडवा, दोन्ही नको वाटायचं. पण मंगलताईंच्या हातचं मी खाल्लं. त्या घारग्यांची कणीक पाण्याचा थेंब न घालता, गूळ-डांगराच्या ओलाव्यातच भिजवत. सालींची तीळ घालून चटणी करत, बिया गच्चीत वाळवत. यजमान गेल्यावर त्यांनी हौसेने ओव्हन घेतला आणि त्यात कणीक-गुळाचा डांगराचा केक करू लागल्या. फोडी आधी पालथ्या ठेवून भाजायच्या, म्हणजे पाणी सुटून पीठ सैल होत नाही, हे त्यांनी दोन केक बिघडवून शोधून काढलं होतं. केक भाजला जात असताना आमच्या घरापर्यंत वेलदोड्याचा वास यायचा.

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. अख्ख्या डांगराला पहिली सुरी बाईने लावायची नाही, ती पुरुषाने लावायची, अशी आपल्याकडे रीत आहे. बाईने चिरलं तर घरच्या मुलांना बाधतं म्हणे. यजमान होते तोवर ते पेपर वाचता वाचता एक चिरा मारून देत आणि पुन्हा पेपरात डोकं घालत. ते गेले आणि पहिल्या चिऱ्यासाठी मंगलताईंना डांगर उचलून जिना चढावा लागला. अण्णा आधी चहा संपवत, मग अंघोळ, मग पूजा. ही बाई दारात डांगर कडेवर घेऊन उभी. मी एकदा चिडून म्हटलं, "तुम्हाला मूलबाळ नाही, मग बाधणार कुणाला? चिरा की सरळ." त्यावर त्या हळूच म्हणाल्या, "अण्णांना दोन पोरं आहेत ना गं. उद्या त्यातल्या एकाला ठेच लागली तरी नाव माझं यायचं. मग मी या घरात राहू कशी?" ते घर अण्णांचंही होतं आणि मंगलताईंना दुसरं नव्हतं.

ओव्हन आपल्याला न विचारता आणला, म्हणून अण्णा एकदा रुसले. नेमकं त्याच वेळी आलेलं डांगर एसटीत बुडाला ठेचकाळलेलं, लगेच चिरायला हवं होतं. मंगलताई रोज वर जायच्या आणि अण्णा रोज "बघू" म्हणायचे. आठवड्याने सकाळी त्यांनी मला हाक मारली. डांगर खालून बसलं होतं, पिवळं पाणी फरशीवर पसरलं होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. आम्ही दोघी पदराने नाक बांधून फरशी खरवडत होतो, तेवढ्यात अण्णा नाकाला रुमाल लावून दारात आले. "अन्न असं सडवतेस व्हय मंगल? लय वाईट असतं हे." मंगलताई मान खाली घालून पुसत राहिल्या. अळ्यांकडे बघताना आली नव्हती इतकी शिसारी मला त्या रुमालाकडे बघून आली.

पुढचं डांगर आलं तेव्हा मंगलताई वर गेल्या नाहीत. मागच्या दाराच्या दगडी पायरीपाशी उभ्या राहिल्या, डांगर छातीपर्यंत उचललं आणि हात सोडले. धप्प आवाज झाला. वरून अण्णांनी विचारलं, "काय पडलं गं?" मंगलताई म्हणाल्या, "डांगर पडलं हो, अण्णा. फुटलं." मग माझ्याकडे बघून अगदी बारीक हसल्या... चिरलं तर नव्हतं! त्या दिवसापासून हेच सुरू झालं. अण्णा खाली यायच्या आत त्या बिया वेचून, पायरी पुसून लख्ख करत. एका कोपऱ्याचा टवका तेवढा उडाला. आणि संध्याकाळी घारग्यांची ताटली वर जायची. ती चाटूनपुसून रिकामी यायची. बाईच्या हातून फुटलेलं डांगर अण्णांना कधी बाधलं नाही. मी बोलायला लागले की मंगलताई म्हणत, "जाऊ दे गं, खाताहेत ना."

तेराव्याला मांडव घातला होता. केटररच्या बायका मागच्या अंगणात बसून सुऱ्यांनी डांगरं चिरत होत्या, एकामागून एक, अख्खी. अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसलेले. "फोडी मोठ्या ठेवा, गाळ व्हतो भाजीचा." नंतर माईक घेऊन म्हणाले की मंगल आमच्या घरची अन्नपूर्णा होती. पंगतीत वाटीतली ती भाजी माझ्यापुढे आली, तेलाचा तवंग असलेली. तोंडाशी नेलेला घास मी परत ठेवला आणि हात धुवायला उठले.

परवा अण्णांनी वरच्या गॅलरीतून हाक मारली. "ओ वहिनी, तिच्या वट्याखाली एक डांगर राह्यलंय. घेऊन जा, नायतर सडंल. आमच्यात कुणाला आवडत नाय." मी गेले. ओव्हनवर मंगलताईंनी जुन्या साडीचं शिवलेलं कव्हर तसंच होतं. खाली कोपऱ्यात एकटं डांगर. ते उचलून मागच्या दाराने निघाले तर अण्णा खाली येऊन पायरीपाशी उभे. "जपून हां, पडंल."

मी हात सोडले.

धप्प आवाज झाला, अण्णांच्या पांढऱ्या पायजम्यावर पिवळे तंतू उडाले. "पडलं हो, अण्णा," मी म्हटलं. फोडी पदरात गोळा करून मी घरी आले. पायरी मात्र पुसली नाही.