मधला स्पीकर

वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनपाशी तीस वर्षं राबले आणि निवृत्त होताना कान तिथेच ठेवून आले. कानाला मशीन लावायला तयार नव्हते. त्यांना ऐकू येईल एवढा टीव्ही लावला की शेजारपाजारच्यांनाही बातम्या कळायच्या. मग घरातलं कुणीतरी ओरडायचं, "आवाज कमी करा!" त्यात मी सगळ्यांच्या पुढे. हळूहळू त्यांनी हॉलमध्ये बसणंच सोडलं. जेवले की आतल्या खोलीत. ते मला फार लागायचं.

दोन हजार सालानंतर मी पाच स्पीकर आणि ढमढम आवाजाचा एक मोठा खोका असलेला संच घेतला. सिनेमातलं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं, हे दुकानदाराने सांगितलं, तेव्हाच ठरवलं, तो वडिलांच्या खुर्चीशी ठेवायचा.

रविवारी सकाळी कॉम्प्युटर हॉलमध्ये आणला आणि त्याला संचाच्या तिन्ही वायरी जोडल्या. हिरवी हिरव्यात, काळी काळ्यात, केशरी केशरीत. चालू केलं तर नुसती घूंऽऽ. बोलणं त्या घरघरीत बुडालेलं. वायरी उलटसुलट केल्या, दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, दुपारपर्यंत जेवलो नाही.

माझा अवतार बघून वडील बाहेर आले. काही न विचारता त्यांनी खोक्यावर तळहात ठेवला. बेअरिंग गरम आहे का, थरथरतंय का, हे ते आयुष्यभर असंच बघत आले होते.

"लाइनची घरघर आहे ही. कॉम्प्युटर कुठल्या बोर्डावर घेतलायस?"

"आतल्या खोलीतल्या, लांब वायर ओढून," मी ओरडलो.

"आणि हा हॉलमधल्या. दोन्ही एकाच बोर्डावर घे. अर्थिंगचा घोळ आहे."

घेतलं. घरघर गेली. ज्यांच्यासाठी मी उपकार केल्यासारखा खपत होतो, त्यांनीच मला सोडवलं होतं. थँक्यू म्हणायची आमच्या घरात रीत नाही. तेव्हा म्हटलं नाही, आज म्हणतो.

मधला स्पीकर स्टुलावर, त्यांच्या डाव्या कानाशी ठेवला. त्याचा आवाज वाढवला, बाकीच्यांचा उतरवला. एक विनोदी सिनेमा लावला. वडील आधी स्पीकरकडेच बघत राहिले. मग पडद्याकडे. मग एका वाक्याला आमच्याबरोबरच हसले, एक क्षणही मागे न पडता.

थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, एवढा मोठा कशाला? आवाज कमी कर जरा."

कोण बोललं ते बघायला आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली.