बिनफोडणीचे दिवस

बाबांच्या नाकात नळी बसली तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट, त्यांचं वजन. जन्मभर पोलोग्राउंड भागातल्या कारखान्यात लेथवर उभं राहून गालात तंबाखू धरलेला हा माणूस. गालाचाच कॅन्सर निघाला. रेडिएशनने तोंड आतून इतकं सोललं की पाण्याचा घोटही उतरेना. म्हणून नळी. दूध, डाळीचं पाणी, प्रोटीनची पावडर, सगळं मिक्सरमध्ये फिरवून, गाळून, मोठ्या सिरिंजने हळूहळू सोडायचं. दवाखान्यातल्या डाएटिशियनबाईंनी बजावलं होतं की वजन असंच उतरत गेलं तर तोंडावर बसवायचा मास्क ढिला पडेल आणि रेडिएशन मधेच थांबवावं लागेल. थांबलं तर पुढे काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आईने आणि मी ठरवलं, बाबांना खाता येत नाही तर घरात खमंग वास सुटायला नको. फोडणी बंद. कढई वर ठेवून दिली. साधं वरण, उकडलेली भाजी, तीही स्वयंपाकघराचं दार लोटून गुपचूप गिळायची. शेजारच्या भाभीजींना कळलं तर त्या डबाच पाठवायला लागल्या. भेटायला येणारे हळू आवाजात बोलायचे, चहालाही नको म्हणायचे. आम्हाला वाटायचं, किती समजूतदार लोक आहेत.

आणि नेमके तेव्हाच बाबा अडून बसले. सिरिंज दिसली की नळीचं टोक मुठीत घट्ट धरायचे आणि मान फिरवायचे. मी पलासियातल्या माझ्या बँकेतून हाफ डे टाकून ट्रॅफिकला शिव्या घालत घरी यायची, समजवायची, मग ओरडायची. माझं तोंड फाटकं, सगळ्या घराला ठाऊक. महूहून काका आले, भिया, म्हणजे दादा, जिद सोड म्हणून त्यांनी हात जोडले. उपयोग शून्य. दवाखान्यात पुढच्या खेपेला वजनाचा काटा आणखी खाली आला. डाएटिशियनबाईंनी फक्त डॉक्टरांकडे बघितलं. दोन दिवसांत फरक पडला नाही तर बघू, एवढंच डॉक्टर म्हणाले.

घरी आलो तेवढ्यात भाभीजींचा डबा आला. त्या तो दारातच ठेवून, डोळ्यांनीच विचारपूस करून गेल्या. बाबांनी मला जवळ बोलावलं. बोलताना त्यांना फार दुखायचं, त्यामुळे शब्द मोजकेच यायचे.

"घरात सुतक कोणाचं आहे?"

आधी मला कळेचना. मग उमगलं. आमच्याकडे माणूस गेलं की सुतकात फोडणी देत नाहीत, कढई चढत नाही, जेवण शेजारून येतं, येणारेजाणारे कुजबुजतात. पलंगावर पडल्या पडल्या बाबा हे सगळं बघत होते. डॉक्टरांनी आम्हाला काहीतरी सांगून टाकलंय आणि आम्ही त्यांना मोडीत काढलंय, अशी त्यांची खात्रीच झाली होती. मग कशाला ते दूध पोटात ढकलायचं?

मी रडत, चिडत सगळं सांगितलं. की डॉक्टरांनी आशा सोडलेली नाही, आम्ही तर मुळीच नाही, फक्त वासाने तुमचा जीव तळमळू नये म्हणून हा सगळा वेडेपणा केला. भीतीने माझी झोप उडालीय हेही सांगितलं.

"वास तर मला कधीचा येत नाही, बेटा. तडतड तरी ऐकू दे."

आई दारातच उभी होती. ती आत गेली आणि कढई खाली काढल्याचा आवाज आला. तेल तापलं. मग मोहरी तडतडली, मिरची पडली, आईला जोरात ठसका लागला आणि खिडकी उघड म्हणून ती तिथूनच माझ्यावर खेकसली. खिडकी उघडून मी वळले, तर बाबांनी नळीचं टोक माझ्यापुढे धरलं होतं.