बंद जिमची पाच महिन्यांची फी

डेपोत तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले मेकॅनिकसुद्धा. शहर बस चालवायला लागून तिला एकोणीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत कचकन ब्रेक मारून एकदाही कुणाला पाडलं नाही, हे ती स्वतःच सांगायची. दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

सीटवर बसून बसून कंबर धरायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या कमी आणि व्यायाम जास्त लिहून दिला. म्हणून बेचाळिसाव्या वर्षी ती डेपोमागच्या जिममध्ये गेली. पहिल्या दिवशी पाण्याची बाटली छातीशी धरून दारातच घुटमळली होती. तिथला ट्रेनर काटकुळा, कमी बोलणारा माणूस. त्याने तिच्या हातात नुसता रिकामा दांडा दिला आणि पंधरा दिवस त्यावर एकही वजन चढवू दिलं नाही. वर्षभरात ती स्वतःच्या वजनाइतका भार जमिनीवरून उचलायला लागली. घरी कपाट सरकवायचं असलं की नवरा तिलाच हाक मारायचा, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे.

मग साथ आली. एका संध्याकाळी हुकूम निघाला आणि जिमला कुलूप लागलं. बस मात्र चालूच होत्या, कारण हॉस्पिटलातल्या लोकांना कामावर पोचवायचं होतं. त्या गडबडीत तिचं बँकेकडे लक्ष गेलं नाही. पाच महिन्यांनी पासबुक भरून आणलं, तेव्हा दिसलं की दर पाच तारखेला जिमची फी कापली गेली आहे. खात्यातून परस्पर फी घ्यायची परवानगी तिनेच सही करून दिली होती. तेव्हा आपलाही थोडा हलगर्जीपणा झाला हे तिने आधी स्वतःशी कबूल केलं, बँकेत जाऊन ती परवानगी बंद केली, आणि मग मालकाला फोन लावला.

मालक तिशीतला, बोलायला गोड. तो म्हणाला, बंद काळातले महिने पुढे वाढवून देऊ. तिने सांगितलं, माझी बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डेपोत होतेय, वाढीव महिने घेऊन मी काय करू? तेव्हा मालकाने आवाज खाली आणला.

"ताई, तुमच्याच फीतून ट्रेनरचा पगार निघतो. तुम्ही पैसे मागितले तर त्याच्या पोटावर पाय येणार."

ज्याने आपली कंबर सरळ केली त्याच्या घासातून पैसे कसे काढायचे? राहू दे, असं म्हणून तिने फोन ठेवला आणि घरी विषय मिटवला.

पुढे तीन आठवड्यांनी तिच्या बसमध्ये एक माणूस चढला. पाठीवर पार्सलांची मोठी पिशवी, तोंडाला मास्क. चेहरा दिसत नव्हता, पण पाठ ताठ ठेवून चढण्याची ढब तिने आरशातच ओळखली. शेवटच्या स्टॉपवर बस दहा मिनिटं थांबायची. बाकीचे उतरल्यावर तिने त्याला हाक मारली आणि विचारलं, हे काय चाललंय. ट्रेनरने सांगितलं की जिम बंद झाल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून त्याला पगारच मिळालेला नाही. मालक म्हणतो, मेंबर फी देत नाहीत, मी तरी कुठून आणू.

तिने पिशवीतून पासबुक काढून त्याच्यापुढे धरलं. त्याने एकेका पाच तारखेवर बोट ठेवत पाचही नोंदी मोजल्या.

"हे मालकासमोर बोलशील?" तिने विचारलं.

"बोलेन," तो म्हणाला. "पण एकटा नको."

त्या दिवसापासून ती कामाला लागली. घरातून सदस्यत्वाचा फॉर्म शोधून काढला आणि त्याच्या पाठीमागचा बारीक मजकूर भिंग लावून वाचला. फी जिम वापरण्यासाठी आहे असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. जिमच बंद असेल तर काय, याबद्दल अवाक्षर नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ती ग्राहक तक्रारीच्या कचेरीत गेली. तिथल्या कारकूनबाईंनी सांगितलं, आधी लेखी मागणी करा, पंधरा दिवस द्या, पोचपावती जपून ठेवा, मग या. मग तिने सकाळच्या बॅचमधल्या सगळ्यांना फोन केले. पेन्शनवर असलेले एक सर म्हणाले, एवढ्याशा रकमेसाठी कशाला भांडत बसायचं. ती म्हणाली, सर, मिळाले की दान करा, पण सही द्या. त्यांनी सही दिली. एकूण तेवीस सह्या झाल्या.

पत्र रजिस्टरने गेलं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही. सोळाव्या दिवशी तिने तक्रार दाखल केली आणि महिन्याभराने सगळ्यांना बोलावणं आलं.

छोटी खोली, एक लांब टेबल, कुरकुरणारा पंखा. मालकाने अधिकाऱ्यांपुढे पगाराचीच गोष्ट पुन्हा सांगितली. अधिकाऱ्यांनी पगाराच्या पावत्या मागितल्या. मालक कागद चाळत राहिला. तेव्हा ताईच्या शेजारी बसलेला ट्रेनर उठला आणि पगार कधीपासून थांबला ते दोन वाक्यांत सांगून खाली बसला. मालकाने कागद मिटून ठेवले. मग मात्र त्याने खरं ते सांगून टाकलं: जागेचं भाडं आणि मशिनांचे हप्ते, सगळी फी तिकडेच गेली होती.

ताई आवाज न चढवता बोलली. "भाडं थकलंय हे तेव्हाच सांगितलं असतंत, तर आमच्यातल्या निम्म्यांनी आपणहून फी ठेवा म्हटलं असतं. तुम्ही याच्या पोटाचं नाव पुढे केलंत. मला राग त्याचा आहे."

तासाभरात तडजोड कागदावर आली: तीन हप्त्यांत परतफेड, सही केलेल्यांनाच नव्हे तर मागेल त्या प्रत्येक सदस्याला, आणि ट्रेनरचा थकलेला पगारही. पहिला हप्ता वेळेवर आला. दुसऱ्याला आठ दिवस उशीर झाला, पण मालकाने आधी फोन करून तसं कळवलं होतं. तिसरा आला तेव्हा तिने पासबुकात पेन्सिलीने बारीक टिक केली. पेन्शनवाल्या सरांनी त्यांचे पैसे घेतले. दानाचा विषय त्यांनी काढला नाही आणि तिनेही नाही. जिम निम्म्या मशिनांवर पुन्हा उघडली.

ट्रेनर तिकडे परत गेला नाही. हुकूम उठल्यावर त्याने ताईच्या नव्या डेपोजवळ एक रिकामा हॉल भाड्याने घेतला, आणि पहिल्या दिवशी ताई हजर झाली. तिने फॉर्म मागितला. तो म्हणाला, ताई, तुमच्याकडून कसला फॉर्म घ्यायचा.

"माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी कर," ती म्हणाली.

दोघं बाकावर बसले आणि हॉल बंद राहिला तर फीचं काय करायचं ते आधी ठरवलं. फॉर्ममधलं बाकीचं तिने सांगितलं, त्याने लिहिलं. महिन्याभरात त्याच्याकडे अकरा जण झाले, त्यातले सात तिच्या डेपोतले ड्रायव्हर.