लांछन म्हणजे खूण

"काका, हा शब्द तुम्ही चुकीचा लावलाय," वैशाली म्हणाली. तेही हिंमतभाऊंसमोर.

मी नंदुरबारला मोडी कागद वाचून देतो. मोडी म्हणजे जुने दस्त ज्या लिपीत लिहायचे ती. बावीस वर्षं या कामात मी एकटाच होतो. मग वैशालीनं शेजारी टेबल टाकलं. लोक तिच्याकडे वळू लागले. मला तिचं हस्ताक्षरसुद्धा आवडेनासं झालं.

रनाळ्याचे हिंमतभाऊ पणजीचं खरेदीखत घेऊन आधी माझ्याकडेच आले होते. नव्या घराला तिचं नाव द्यायचं, पण कागदावर काय नाव आहे ते बघून. जमनाबाई. त्यापुढे 'लांछन', आणि मग शाईचा डाग. मी सांगून टाकलं, बाईंवर काही ठपका असावा.

"मन्ही पणजीनी काय वाईट करं व्हतं, भाऊ?" एवढंच विचारून ते उठले. घराची पाटी राहिली. आठ दिवसांनी तोच कागद घेऊन ते वैशालीकडे आले. माझ्या डोळ्यांदेखत.

"लांछन म्हणजे बट्टा. कुणीही सांगेल," मी म्हणालो.

"आज तसा अर्थ आहे. मूळ संस्कृतात लांछन म्हणजे नुसती खूण. जैन मूर्तीखाली बैल, सिंह कोरतात, त्यालाही लांछनच म्हणतात. खुणेचा पुढे डाग झाला, डागाचा बट्टा."

"पाठांतर नको. कागदावर दाखव."

तिनं बोट तळाशी नेलं. एका साक्षीदाराच्या नावापुढेही 'लांछन' होतं आणि शेजारी छोटासा नांगर काढलेला. सही न येणारा शेतकरी नांगर काढायचा, बाई बांगडी. बाकीचे 'निशाणी' लिहितात, या लिहिणाऱ्यानं 'लांछन' लिहिलं होतं. मग तिनं जमनाबाईंपुढचा डाग भिंगाखाली धरला. शाई फुटली होती, पण गोल दिसत होता.

हिंमतभाऊंनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुम्ही जुना माणूस. हाई खरं शे का?"

मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी माझंच मानलं असतं. ते 'नाही' अगदी ओठांवर आलं होतं.

"खरं आहे," मी म्हणालो. "बांगडीच आहे. मी खालपर्यंत वाचलंच नव्हतं."

भाऊंनी डोळे पुसले. आभार वैशालीचे मानले. पाटी लागली, वास्तुशांतीचं बोलावणं तिला आलं, मला नाही.

वैशालीचा हेवा मला अजून वाटतो. पण आता साक्षीदार वाचून झाल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.