नाव खोटं, वास खरा

फोन आला तेव्हा मी बँकेतच होते. अनोळखी नंबर. पलीकडून एक माणूस गुजरातीत घाईघाईनं म्हणाला, की बेन, प्रकाशभाईंना दवाखान्यात आणलंय, जसे असाल तसे या. मी फोन ठेवून दिला. असे फोन कसे येतात, घाबरवून पैसे कसे काढून घेतात, हे मी रोज काउंटरवर लोकांना समजावत असते. आणि संशय घ्यायला तर मला प्रकाशदादानंच शिकवलं होतं. थोड्या वेळानं शैलावहिनीचा फोन आला. ‘‘हे गेले,’’ एवढंच ती म्हणाली. मग संशयाला जागा उरली नाही. आधीचा फोन दादाच्या सोबत्याचा, जयेशभाईंचा होता, दवाखान्याच्या नंबरवरून केलेला. सकाळी दोघं बरोबर चालायला गेले होते आणि दादा वाटेतच छाती धरून बसला. मी फोन कापला याचं जयेशभाईंना वाईट वाटलं असेल, म्हणून नंतर मी काही बोलायला गेले. तर ते म्हणाले, ‘‘तुम्ही प्रकाशभाईंच्या बहीण. दुसरं काय करणार?’’

आमचे वडील अमळनेरकडून सुरतेला लूमवर कामाला आले आणि डिंडोलीत राहिले. दादा आमच्या घरातला पहिला पदवीधर. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला आणि कामरेजजवळच्या एका छोट्या कारखान्यात लागला. तिथं आइस्क्रीम, बिस्किटं, साबण, अगरबत्ती यांत घालायचे वास तयार होतात. बाहेरून आलेला प्रत्येक माल आधी दादाच्या नाकाखालून जायचा. कागदाची बारीक पट्टी बुडवायची, हवेत हलवायची, हुंगायची. त्यानं मान हलवली तर माल आत, नाहीतर परत. थोडक्यात, संशय घेण्याचाच त्याला पगार मिळायचा, आणि हे काम तो घरीही घेऊन यायचा. चांदनी पडव्याला, म्हणजे कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, कुणी मावा-तुपाच्या सुरती घारीचा डबा आणला, की झाकण उघडून आधी वास. ‘‘तूप जुनं आहे,’’ असं पाहुण्यांच्या तोंडावर सांगायचा. माय चिडायची. ती म्हणायची, ह्याला देवानं प्रसाद दिला तरी हा आधी हुंगेल.

त्या कारखान्यातल्या शेकडो बाटल्यांमधली एक त्याची विशेष आवडती होती. सी-फोर्टीन. एकदा त्यानं मला तिची पट्टी हुंगायला दिली. पिकलेलं पीच सायीत कुस्करावं तसा वास. पण तेव्हा आम्ही पीच कुठं पाहिलं होतं? मायनं हुंगून सांगितलं, ‘‘आंबा आनि मलई.’’ हेच थोडंसं आंब्याच्या आइस्क्रीमच्या वासात घालतात, हेच बायकांच्या अत्तरात. दादा म्हणाला, ‘‘ह्याचं पूर्ण नाव आल्डिहाइड सी-फोर्टीन. आता गंमत बघ. हे आल्डिहाइड नाहीच. आणि कार्बन चौदा म्हणतात, ते आहेत अकरा. कधीतरी कुणीतरी खोटं नाव ठेवलं आणि सगळं जग तेच चालवतंय.’’ त्याला हे सांगताना फार आनंद व्हायचा. नावावर, लेबलवर, माणसाच्या बोलण्यावर जाऊ नये, नाकाचं ऐकावं, असं त्याचं एकूण म्हणणं. नाकानं त्याला कधी फसवलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी त्याला ताप येऊन गेला. साधाच ताप, आठवड्यात उठला. त्यानंतर घरात कुरबुरी सुरू झाल्या. वहिनीनं चहापत्ती हलकी आणली असं त्याला वाटू लागलं. मग दूधवाला बदलला, मग किराणावाला. खिचडीत हिंग घातलाच नाही म्हणून तो ताटावरून उठला. हिंग तर मीही त्या खिचडीत खाल्ला होता. पण दादाच्या बोलण्यावर संशय घ्यायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

मग कारखान्यात ते प्रकरण झालं. सी-फोर्टीनचा नवा ड्रम आला. दादानं हुंगला आणि म्हणाला, ह्यात जीव नाही, कुणीतरी पातळ केलंय. दुसरा उघडला, तोही तसाच. गोदामाच्या किल्ल्या जयेशभाईंकडे असायच्या. जयेशभाई म्हणजे दादाचा कारखान्यातला सगळ्यात जुना सोबती. दुपारी दोघं एकाच बाकावर जेवायचे. दादाच्या डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा जयेशभाई खायचे, त्यांच्या डब्यातलं खमण दादा. त्या जयेशभाईंचं नाव दादानं शेठजींपुढं घेतलं. शेठजींनी माल बाहेर तपासायला पाठवला. माल चोख असल्याचं उत्तर आलं. दादा म्हणाला, तपासणारेही मिळालेले आहेत. इतक्या वर्षांत त्याचं नाक चुकलं नव्हतं, तेव्हा शेठजींनी जयेशभाईंना सांगितलं, काही दिवस घरीच बसा.

त्याच सुमाराला वहिनीनं मला फोन केला. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, ‘‘सुनंदाताई, एकदा येऊन जा. हे घरी आले की मागच्या खोलीत दार लावून बसतात. आणि रुमालाला... बाईच्या अत्तरासारखा वास येतो.’’ तो वास कशाचा ते मला लगेच कळलं. पण त्यामुळे माझ्या मनात वहिनीपेक्षाही वाईट शंका आली. बँकेत बसून माणसाचं मन असंच चालायला लागतं. ड्रममधला माल काढून कुणीतरी तो पातळ केलाय असं दादा म्हणतो, गोदामवाल्यावर आळ घेतो, आणि त्याच मालाचा वास त्याच्या रुमालाला येतो. म्हणजे चोर कोण?

रविवारी दुपारी मी डिंडोलीला गेले. जिन्यातच करपलेल्या दुधाचा वास आला. वर पोचेपर्यंत डोळ्यांत धूर. दार उघडं होतं, वहिनी गच्चीवर पापड उलटवायला गेली होती, आणि स्वयंपाकघराकडे पाठ करून दादा निवांत पेपर वाचत बसला होता. मी धावत जाऊन गॅस बंद केला. पातेलं काळंठिक्कर झालं होतं. घाबरलं की आम्हा भावंडांच्या तोंडी अहिराणीच येते, मी ओरडलेच, ‘‘दादा, दूध करपनं! तुले वास येस नही का?’’

‘‘कसाना वास?’’ तो म्हणाला. आणि मग त्यानं मागं वळून काळं पातेलं पाहिलं.

तो उठला आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेला. दार उघडल्यावर त्या गोड, सायीसारख्या वासाचा लोट अंगावर आला. टेबलावर एक छोटी बाटली, आणि बुडवून टाकलेल्या पट्ट्यांचा ढीग. ती बाटली त्यानं शेठजींना विचारूनच आणली होती, हे मला नंतर कळलं. त्यानं दार लावलं आणि लहान मुलासारखं विचारलं, ‘‘आठे वास शे का?’’ जिथं मला श्वास घेणं कठीण झालं होतं, तिथं तो विचारत होता, इथं वास आहे का... मी जाऊन खिडकी उघडली. त्यावरून त्याला कळलं असावं. तो पलंगावर बसला. तापानंतर वास पुसट होत होत गेलेच होते. रोज हुंगत राहिलं तर परत येतील म्हणून तो दार लावून बसायचा.

मी विचारलं, ‘‘जयेशभाईंचं नाव घेतलंस, तेव्हा तुला हे माहीत होतं?’’

तो पट्ट्या गोळा करायला लागला. मग म्हणाला, ‘‘माहीत नव्हतं. संशय होता. पण स्वतःवर संशय घेण्यापेक्षा जयेशवर घेणं सोपं गेलं.’’

दुसऱ्या दिवशी त्यानं शेठजींच्या केबिनमध्ये न जाता, जेवणाच्या सुट्टीत सगळे बसले असताना उभं राहून सांगितलं, की मालात खोट नाही, माझ्या नाकात आहे. मग तो जयेशभाईंच्या घरी गेला. मी बरोबर होते. जयेशभाईंच्या पत्नीनं पाणी दिलं, पण आमच्याकडं पाहिलं नाही. जयेशभाई एवढंच बोलले, ‘‘आटलां वरस साथे जम्या, ने मारा पर शक?’’ इतकी वर्षं बरोबर जेवलो, नि माझ्यावर संशय? दादानं हात जोडले. ते हात जोडलेलेच ठेवून तो जिना उतरला. जयेशभाई कामावर परतले. दादानं नोकरी सोडली. वास न येणारा माणूस तिथं करणार तरी काय?

पुष्कळ महिने दोघांत बोलणं नव्हतं. मग एक दिवस जयेशभाई अचानक दारात उभे राहिले. नाक गेल्याची ही गोष्ट त्यांना पटली नव्हती. आपल्यावर आळ घेतल्याची सारवासारव करायला प्रकाशभाईंनी ती रचली असावी, असं त्यांच्या मनात होतं. बसल्या बसल्या त्यांनी दादाला डोळे मिटायला सांगितले आणि खिशातून डबी काढून त्याच्या नाकाशी धरली. हिंग होता, अख्ख्या खोलीला कळला. दादा मन लावून हुंगत होता. शेवटी चाचरत म्हणाला, ‘‘बडीशेप?’’ जयेशभाईंनी डबी बंद केली आणि खिशात ठेवली. त्या दिवशी ते जेवूनच गेले.

त्यानंतर ते येतच राहिले. दोघं मागच्या खोलीत बसायचे, जयेशभाई पट्टी हुंगून शब्दांत सांगायचे, ‘‘आता मलई... आता सालीसारखं...’’ आणि दादा आठवायचा प्रयत्न करायचा. घरातही त्याला सगळं सांगावं लागे. वहिनीला त्याची सवय लागली. ओट्यापाशी उभी राहून ती बाहेर ऐकू जाईल असं बोलायची, ‘‘कांदा लाल झाला हं,’’ ‘‘खाली कुणीतरी मेथी टाकलीय.’’ दादा बाहेरून हुंकार द्यायचा.

जाण्याच्या काही दिवस आधी तो सकाळी खोलीतून बाहेर आला आणि ‘‘आला, वास आला!’’ म्हणून वहिनीला सांगत सुटला, असं ती म्हणते. मी नव्हते तिथं. आम्हाला बरं वाटावं म्हणून तर तो बोलला नसेल? तेराव्यानंतर मी जयेशभाईंना विचारलं. ते म्हणाले, ‘‘मने पण शक छे, बेन. पण त्या सकाळी चालताना सगळा रस्ता ते हसत होते.’’

परवा मी वहिनीकडे गेले होते. मी स्वयंपाकघरात पाटावर बसले होते आणि ती लोणी कढवत होती. बाहेरची खोली रिकामी होती. कढई ढवळता ढवळता ती तिकडं मान न वळवता मोठ्यानं म्हणाली, ‘‘तूप होत आलं हं.’’ बाहेरून हुंकार आला नाही. तिचा हात थांबला. मला वाटलं, आता ती रडेल. पण तिनं गॅस बारीक केला, कढईवर वाकून पुन्हा एकदा नीट वास घेतला, आणि आधीपेक्षा मोठ्यानं सांगितलं, ‘‘नाही, अजून कच्चट आहे. थांबा जरा.’’